बार्बाडोसला पहिल्यांदा जाताना: आधी किनारा ठरवा

ठाण्याच्या एका वाचक ताईंचे पत्र आले आहे. त्या ६१ वर्षांच्या आहेत, यजमान ६६ वर्षांचे आणि पूर्ण शाकाहारी. नोव्हेंबरमध्ये दोघे न्यू जर्सीतील एडिसनला मुलाकडे जाणार आहेत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलगा, सून, सात वर्षांचा नातू आणि हे दोघे अशा पाच जणांनी आठ दिवस कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटावर जायचे, असा मुलाचा बेत आहे. मुलगा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, सून कुटुंबीयांसाठीच्या एच-४वर, नातू अमेरिकेतच जन्मलेला. ताई लिहितात, "आम्हा दोघांनाही पोहता येत नाही. ह्यांना मासे-मटण तर सोडाच, अंडेही चालत नाही. मुलगा म्हणतो, सगळे जेवणखाण समाविष्ट असलेले हॉटेल घेऊ. पण समुद्राकाठी आठ दिवस आम्ही करायचे काय? आणि हे रोज विचारतात, तिथून त्रिनिदादचे पोर्ट ऑफ स्पेन किती लांब आहे?"

ताई, तुमचा बेत चांगला आहे आणि तो तुम्हा दोघांच्या प्रकृतीला नक्की झेपेल. मात्र सर्वांत निकडीची गोष्ट समुद्राची नाही, कागदांची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. विमानाची तिकिटे अजून काढली नसतील, तर मुलाला आजच फोन करा आणि त्याच्या व सुनेच्या पासपोर्टवरील अमेरिकी व्हिसाचा शिक्का त्या तारखांना वैध आहे का, एवढे पाहायला सांगा. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी बार्बाडोसला जायला व्हिसा लागत नाही, ९० दिवसांपर्यंत राहता येते, त्यामुळे "व्हिसाचा प्रश्नच नाही" असे अनेक घरांत गृहीत धरले जाते. अडचण जाण्याची नसून अमेरिकेत परत येण्याची आहे. कितीतरी तरुण जोडप्यांचा शिक्का कधीच संपलेला असतो आणि ते मुदतवाढीच्या कागदांवर तिथे पूर्ण कायदेशीरपणे राहत असतात. पण देशाबाहेर पाऊल टाकले की परतताना वैध शिक्काच लागतो. कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांपर्यंत जाऊन आल्यास संपलेला शिक्काही चालतो, अशी एक सवलत आहे आणि ती बहुतेकांना ऐकून माहीत असते, परंतु एच-१बी आणि एच-४ धारकांना ती कॅरिबियन बेटांसाठी मिळत नाही. शिक्का संपला असेल, तर यंदा बार्बाडोस नको. हे मी अगदी ठामपणे सांगते, कारण सुट्टी आठ दिवसांची असते आणि परदेशात अडकून पडणे महिन्यांचे होऊ शकते.

तुमचा दोघांचा पर्यटक व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, तेही पाहून घ्या. बेटावरून परत आल्यावर अमेरिकेत पुन्हा नव्याने सहा महिने मिळतील असे धरून चालू नका. अधिकारी पहिल्या मुक्कामाची उरलेली मुदतच कायम ठेवू शकतात, म्हणून भारतात परतण्याची तारीख पहिल्याच मुदतीत बसवा. नातवाचा स्वतःचा अमेरिकी पासपोर्ट लागेल. प्रवासापूर्वी बार्बाडोस सरकारचा ऑनलाइन प्रवेश-अर्ज भरावा लागतो. परतीचे तिकीट आणि राहण्याचा पत्ता छापून जवळ ठेवा. प्रवेशाचे नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी न्यूयॉर्कमधील बार्बाडोसच्या वाणिज्य दूतावासाकडून मुलाने एकदा खात्री करून घ्यावी. हे सदर वाचणारे जे कोणी थेट मुंबईहून जाऊ इच्छितात, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की अमेरिकेत नुसते विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि लंडनमार्गे जाताना ब्रिटनचे पारगमनाचे नियम आधी तपासावे लागतात. बेट व्हिसा मागत नाही, तरी वाटेतले देश मागतात.

आता समुद्र. बार्बाडोस हे जेमतेम ४३१ चौरस किलोमीटरचे, सुमारे ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद बेट आहे, म्हणजे बृहन्मुंबईहूनही लहान. एवढ्याशा बेटावर कुठेही राहिले तरी काय फरक पडतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात सगळा फरक तिथेच पडतो, कारण या बेटाला दोन वेगवेगळे समुद्र लाभले आहेत. पूर्वेला थेट आफ्रिकेपर्यंत मोकळा पसरलेला अटलांटिक महासागर आहे. व्यापारी वारे बारा महिने तिकडूनच वाहतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा बाथशीबा गावाच्या खडकांवर येऊन फुटतात. पश्चिमेला कॅरिबियन समुद्र आहे. बेटाची जमीनच वारा अडवते, त्यामुळे होलटाउन, पेन्स बे, मलिन्स या भागांत पाणी बहुधा शांत असते. दक्षिण किनारा या दोहोंच्या मधला आहे: वर्दिंग, रॉकली, डोव्हर येथे वाळू सुंदर आहे, चहलपहल आहे, खाणावळी व दुकाने चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, पण लाटांना थोडा जोर असतो. राजधानी ब्रिजटाउनला लागून असलेला कार्लाइल बे हा अर्धचंद्राकृती किनारा पुन्हा शांत आहे.

तुम्हा दोघांना पोहता येत नाही आणि बरोबर सात वर्षांचे मूल आहे. तेव्हा पश्चिमेला, होलटाउन ते पेन्स बे या पट्ट्यात राहावे, असे माझे मत आहे. इथे घरे महाग पडतात, कारण श्रीमंत परदेशी पाहुण्यांची हीच आवडती बाजू आहे. परंतु समुद्राला लागून असलेली इमारत सोडून रस्त्याच्या पलीकडचे, आतल्या बाजूचे घर घेतले तर भाडे बरेच उतरते आणि पाणी चालत पाच-सात मिनिटांवरच राहते. पुढ्यात मोठे हॉटेल आहे म्हणून वाळूवर जायला संकोच करू नका. बार्बाडोसमधील सर्व किनारे सार्वजनिक आहेत. हॉटेलच्या खुर्च्या आणि छत्र्या तेवढ्या त्यांच्या, वाळू आणि पाणी सर्वांचे. रस्त्यापासून किनाऱ्यावर जाणाऱ्या चिंचोळ्या वाटा दोन इमारतींच्या मधून काढलेल्या असतात, त्या एकदा हेरून ठेवा.

न पोहणाऱ्यांसाठी पाण्याचे काही नियम मी अगदी आग्रहाने सांगते. सकाळी जा, तेव्हा पाणी सर्वांत शांत असते आणि ऊनही कोवळे असते. कमरेपेक्षा खोल जाऊ नका आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका. नातवाला हवा भरलेल्या तरंगत्या खेळण्याच्या भरवशावर सोडू नका, कारण इथला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि असे खेळणे मुलासह पाहता पाहता आत जाते. त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट एडिसनहूनच घेऊन जा. हिवाळ्यात अटलांटिकच्या उत्तर भागात मोठी वादळे झाली, तर एखाददुसऱ्या दिवशी पश्चिम किनाऱ्यावरही उंच लाटा येतात. त्या दिवशी पाण्यात जाऊ नये, वाळूवर बसून पाहावे. लाल निशाण दिसले तर पाण्यात उतरायचे नाही, मग शेजारी कोणी पोहत का असेना. आणि कधी पायाखालची ओढ जाणवलीच, तर किनाऱ्याच्या दिशेने झगडून दम घालवू नये, अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून हाक द्यावी आणि किनाऱ्याला समांतर सरकत त्या ओढीतून बाहेर पडावे. ही गोष्ट मुलाला आणि सुनेलाही सांगा, कारण जलतरण तलावात उत्तम पोहणारी माणसेच या बाबतीत गाफील राहतात.

पूर्व किनाऱ्यावर मात्र जरूर जा, फक्त पोहायला नाही. बाथशीबाला समुद्रात एकेकटे उभे असलेले, लाटांनी पायथ्याशी कोरून काढलेले प्रचंड खडक आहेत. त्याच्या शेजारच्या सूप बोल नावाच्या जागी जगभरचे लाटांवरचे खेळाडू येतात. ओहोटीच्या वेळी खडकांत साचलेल्या उथळ डबक्यांत पाय बुडवून बसता येते. वाऱ्याने गवत एका बाजूला झुकलेले, माणसे थोडी, हवा खारी. माझ्या मते सबंध बेटावरची सर्वांत सुंदर जागा हीच आहे, आणि तिचा आनंद घ्यायला पोहता यावे लागत नाही.

तुम्ही निवडलेला काळही योग्य आहे. चक्रीवादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो. बार्बाडोस इतर बेटांच्या रांगेपासून पूर्वेला सुटे असल्याने बरीच वादळे त्याच्या उत्तरेकडून निघून जातात, तरी निर्धास्त राहता येत नाही. २०२४च्या जून महिन्यात टी-२० विश्वचषक जिंकलेला भारतीय संघ बेरिल वादळामुळे विमानतळ बंद पडून याच बेटावर अडकला होता, हे यजमानांना आठवत असेलच. त्या वादळाने इथल्या कोळ्यांच्या होड्यांचे अतोनात नुकसान केले. डिसेंबरात ही भीती सरलेली असते, पाऊस कमी झालेला असतो, दुपारी २९-३० अंश आणि रात्री २३-२४ अंश तापमान असते. सरगॅसम नावाचे तपकिरी समुद्री शेवाळ वसंतात व उन्हाळ्यात पूर्व-दक्षिण किनाऱ्यांवर ढिगांनी येऊन कुजते व त्याचा दर्प सहन होत नाही. त्याचाही त्रास या दिवसांत सहसा कमी असतो. एकच गोष्ट प्रतिकूल आहे: नाताळ ते नववर्ष हा वर्षातला सर्वांत महाग आठवडा असतो, म्हणून घर आणि तिकिटे शक्य तितक्या लवकर ठरवा. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरून थेट विमानाने साधारण पाच तासांत पोहोचता येते. बदलत्या विमानाचे तिकीट थोडे स्वस्त मिळाले, तरी तुमच्या वयाला आणि नातवाला थेट विमानच बरे.

सगळे जेवणखाण समाविष्ट असलेल्या हॉटेलबद्दल माझे मत मुलापेक्षा वेगळे आहे. अशा हॉटेलच्या दरात मद्य, मासे, मांस यांची किंमत मोजलेली असते. तुमच्यापैकी दोघे-तिघे त्याला हातही लावणार नसतील, तर ते पैसे वायाच जातात, आणि शाकाहारी माणसाच्या ताटात आठ दिवस त्याच उकडलेल्या भाज्या व तोच पास्ता येतो. त्याऐवजी दोन-तीन खोल्यांचे, स्वयंपाकघर असलेले घर घ्या. होलटाउनला मोठे सुपरमार्केट आहे, तिथे तांदूळ, मसूर, वाटाण्याची डाळ, छोले, दूध, दही मिळते. मात्र बहुतेक माल बाहेरून बोटीने येतो, त्यामुळे न्यू जर्सीच्या तुलनेत भाव चढे वाटतील. गोडा मसाला, हिंग, पोहे, मेतकूट, उपासाची भाजणी असे कोरडे, बंद पाकिटातले पदार्थ बरोबर न्या. ताजी फळे, भाज्या, बियाणे नेऊ नका आणि अर्जात खाद्यपदार्थांविषयी विचारले असेल, तर खरे ते लिहा. नळाचे पाणी बेटाच्या प्रवाळी चुनखडकातून झिरपून आलेले असते, ते पिण्यास चांगले असते. बाटल्या विकत घेत बसू नका.

विजेचे एक ध्यानात ठेवा. इथे ११५ व्होल्टचा पुरवठा आणि अमेरिकेसारख्या चपट्या पिना असतात, म्हणून मुलाकडचा राइस कुकर चालेल, पण ठाण्याहून नेलेली इस्त्री किंवा पाणी तापवायची किटली चालणार नाही.

बाहेरच्या जेवणात यजमानांसाठी काय निवडावे, हे सांगते, कारण नुसते "शाकाहारी" म्हटल्याने इथे काम भागत नाही. मॅकरोनी पाय हा चिजाचा पदार्थ घराघरांत होतो, पण त्यात पुष्कळदा अंडे असते. भात आणि पावट्यासारख्या दाण्यांचा जो पदार्थ सगळीकडे मिळतो, त्यात बरेचदा खारवलेल्या मांसाचा तुकडा टाकलेला असतो. कू-कू म्हणजे मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेली घट्ट उकड. ती स्वतः शाकाहारी असते, पण वाढताना तिच्यावर माशाचा रस्सा ओततात, कारण कू-कू आणि उडणारा मासा हे इथले राष्ट्रीय जेवण आहे. तेव्हा "मांस नाही, मासे नाहीत, अंडे नाही, रस्सा वरून नको" असे चारही शब्द दर वेळी सांगा. निर्धास्तपणे मागवण्यासारखी गोष्ट म्हणजे बटाटा-छोले भरलेली रोटी. भारतातून त्रिनिदादला गेलेल्या मजुरांच्या घरातून ती साऱ्या कॅरिबियनमध्ये पसरली आणि बार्बाडोसमध्येही सर्रास मिळते. भाजलेला नीरफणस, रताळी, तळलेली पिकली राजेळी केळी, शहाळी हे तर आहेच. टेबलावर पिवळ्या, मोहरी घातलेल्या मिरचीच्या सॉसची बाटली असते. तो आपल्या ठेच्यापेक्षा पुष्कळ जहाल असतो, थेंबाने सुरुवात करा. नाताळच्या दिवसांत लाल अंबाडीच्या बोंडांचे, दालचिनी-लवंग घातलेले गडद लाल सरबत घरोघरी करतात. ते बिनमद्याचे आहे याची खात्री करून नक्की प्या. मुलगा-सून मासे खात असतील, तर त्यांना शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला पाठवा. कोळ्यांच्या त्या बाजारात ताजे मासे भाजून वाढतात, गाणी-बजावणी चालते. तुम्हीही जा, पण एकाच जाळीवर सगळे भाजले जाते, हे यजमानांना आधी सांगून ठेवा, म्हणजे तिथे जाऊन मन नाराज होणार नाही.

पैशांचा हिशेब सोपा आहे. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक डॉलर. हा दर १९७५पासून स्थिर आहे. अमेरिकी नोटा जवळजवळ सर्वत्र घेतात, सुटे मात्र स्थानिक चलनात परत देतात. घोळ होतो तो बोलण्यात, कारण दोन्ही चलनांना डॉलरच म्हणतात. टॅक्सी, नावेची फेरी, किनाऱ्यावरची खुर्ची, काहीही ठरवताना "कोणते डॉलर?" हे आधी विचारा. टॅक्सीला मीटर नसतो, म्हणून बसण्याआधी भाडे पक्के करा. हॉटेलच्या बिलात बहुधा १० टक्के सेवाशुल्क धरलेले असते; ते पाहूनच वर काही ठेवायचे की नाही, ते ठरवा.

बसने मात्र जरूर फिरा. पिवळ्या पट्ट्याच्या निळ्या बस सरकारी, निळ्या पट्ट्याच्या पिवळ्या बस खासगी, आणि लालसर पट्ट्याच्या पांढऱ्या व्हॅन, ज्यांना सगळे झेडआर म्हणतात, त्याही खासगी. भाडे कितीही अंतराला एकच असते, साडेतीन बार्बाडोस डॉलर. सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, त्यामुळे नाणी जमवून ठेवा. थांब्यांच्या गोल पाट्यांवर ब्रिजटाउनकडे जाणारी की तिथून बाहेर जाणारी, एवढेच लिहिलेले असते. तेवढ्यावर वाट कधी चुकत नाही. झेडआर व्हॅन फार वेगाने जातात आणि गच्च भरतात, त्या तरुणांसाठी ठेवा. मोटार आठही दिवस घेण्याची गरज नाही. बाथशीबा आणि उत्तर टोक पाहायला एक-दोन दिवस भाड्याने घ्या. रस्ते अरुंद, वळणांचे आणि चौकाचौकांत गोलचक्कर असलेले आहेत. वाहने आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात, म्हणून अमेरिकेत उजवीकडून चालवायची सवय झालेल्या मुलाच्या शेजारी यजमानांनी पहिला दिवस जागरूक बसावे. चालकाला स्थानिक परवाना लागतो, तो गाडी देणारेच काढून देतात.

लोकांशी वागण्याविषयी तुम्ही विचारले नाही, तरी लिहिते, कारण सुट्टी गोड होणे पुष्कळसे यावर असते. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, रस्त्यात काही विचारण्याआधी "गुड मॉर्निंग" किंवा "गुड आफ्टरनून" म्हणायची इथे पक्की रीत आहे. ते न म्हणता एकदम किंमत विचारली, तर समोरचा माणूस दुखावतो. म्हटले, तर तोच माणूस तुम्हाला थांब्यापर्यंत सोडायला येतो. पोहण्याच्या कपड्यांत बाजारात किंवा बसमध्ये जाऊ नये. आणि सुनेला एक नक्की सांगा: नातवाची लष्करी ठिपक्यांची पँट, टोपी, दप्तर, जे काही असेल ते एडिसनलाच राहू द्या. बार्बाडोसमध्ये तसे कापड सैन्याखेरीज कोणीही, अगदी लहान मुलांनीसुद्धा, वापरणे कायद्याने मना आहे.

किनाऱ्यावरच्या एका झाडाचीही ओळख हवी. मँचिनील नावाच्या या झाडाला लहान हिरव्या सफरचंदासारखी फळे लागतात आणि ती वाळूवर पडलेली असतात. फळ विषारी असते, पानांच्या व सालीच्या चिकाने कातडीवर फोड येतात, आणि पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभे राहिले तर पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानेही तसेच होते. बऱ्याच झाडांच्या खोडाला लाल पट्टा रंगवलेला असतो, पण सर्वच झाडांना असेल असे नाही. नातवाला पहिल्याच दिवशी झाड दाखवून, पडलेले कुठलेही फळ उचलायचे नाही, असे बजावा. ऊनही फसवे असते: बेट चेन्नईच्याच अक्षांशावर आहे, पण सतत वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी कातडी सोललेली दिसते. टोपी, बाह्यांचा सुती कपडा आणि दर दोन तासांनी सनस्क्रीन. दिवसा चावणाऱ्या डासांमुळे डेंग्यू होतो, म्हणून मलम बरोबर असू द्या. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंधार झपाट्याने पडतो. अनोळखी वाटेवर असाल, तर त्याआधी परता.

आता यजमानांचा विषय. ब्रिजटाउनचे केन्सिंग्टन ओव्हल मैदान होलटाउनहून बसने सहज गाठता येते. २९ जून २०२४ रोजी भारताने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवले ते इथेच, आणि सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला तोही इथलाच. मैदानाबाहेर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा आहे. जवळच बार्बाडोसच्या क्रिकेटपटूंचे छोटे संग्रहालय आहे. सुट्टीच्या दिवसांत वेळा बदलतात, फोन करून जा. १९६२ साली याच गावात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारी पोहोचले, तेव्हा वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी त्यांच्यासाठी रक्त दिले होते. आपल्या बाजूने रक्त देणाऱ्यांत चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर होते. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे तिन्ही थोर फलंदाज केव्ह हिलच्या विद्यापीठ परिसरात, त्यांच्याच नावाच्या मैदानाशेजारी चिरविश्रांती घेत आहेत. बससेवा चुकली तर टॅक्सी करा, पण तिथे जा. माझ्या ओळखीच्या एका क्रिकेटवेड्या काकांना मैदानापेक्षा ती जागाच अधिक भिडली होती.

बाकी ठिकाणांची यादी लांबवू नका. हॅरिसन्स केव्ह ही चुनखडकातील गुहा छोट्या ट्रामगाडीत बसून पाहता येते, त्यामुळे गुडघ्यांना त्रास होत नाही. कार्लाइल बे किंवा पेन्स बे येथे कासवे दिसतात; तुम्ही पोहत नसल्याने तळाला काच असलेल्या नावेतून पाहा, आणि नातू पाण्यात उतरला तर कासवांना हात लावायचा नाही, हे त्याला सांगा. उत्तरेकडील सेंट निकोलस ॲबी हा सतराव्या शतकातला उसाच्या मळ्याचा वाडा सुंदर आहे, पण तो पाहायला जाल, त्याच सहलीत बेटाची दुसरी बाजूही पाहावी, असे मला मनापासून वाटते. १६४०च्या दशकापासून या बेटावर ऊस आला आणि त्यासाठी आफ्रिकेतून माणसे गुलाम करून आणली गेली. आजचे बहुसंख्य बार्बाडोसवासी त्यांचे वंशज आहेत. दक्षिणेकडे न्यूटन येथे त्यांपैकी सुमारे ५७० जणांची दफनभूमी आहे, एक साधे हिरवे शेत. गुलामगिरी कायद्याने १८३४ मध्ये आणि प्रत्यक्षात १८३८ मध्ये संपली. बेड्या तोडलेल्या माणसाचा पुतळा मुख्य रस्त्यावरच्या गोलचक्करात उभा आहे, आणि १८१६च्या उठावाचा नेता बुसा याच्या नावाने लोक त्याला ओळखतात. सात वर्षांच्या मुलाला हे थोडक्यात सांगता येते आणि सांगावे. त्यामुळे ज्या माणसांना तो रोज सुप्रभात म्हणणार आहे, ती कोण आहेत, हे त्याला कळेल.

२५ डिसेंबरला दुकाने बंद असतात आणि बस फार कमी धावतात, २६ तारीख आणि १ जानेवारीलाही सुट्टी असते. २४च्या सकाळपर्यंत वाणसामान भरून ठेवा. नाताळच्या पहाटे ब्रिजटाउनच्या क्वीन्स पार्कमध्ये लोक नवे, ठेवणीतले कपडे घालून जमतात, पोलीस बँड वाजतो. टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवलीत, तर हा सोहळा तुम्हाला फार आवडेल. साडी नेसून जा.

औषधे हातसामानात, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. तुम्ही अमेरिकेसाठी काढलेला आरोग्य विमा बार्बाडोसमध्ये चालतो का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या. पुष्कळ विमे फक्त अमेरिकेपुरतेच असतात. तसे असेल, तर या आठ दिवसांसाठी वेगळा विमा घ्या आणि त्यात मोठ्या रुग्णालयासाठी बेटाबाहेर विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला असू द्या. पोलिसांसाठी २११, आगीसाठी ३११ आणि रुग्णवाहिकेसाठी ५११ हे क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला.

राहता राहिले पोर्ट ऑफ स्पेन. विमानाने साधारण एक तास. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवले ते तिथल्या क्वीन्स पार्क ओव्हलवर. त्या मालिकेत गावसकरांच्या ७७४ आणि मडगावच्या दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावा झाल्या, तेव्हा यजमानांचा ओढा मला पूर्ण समजतो. तरीही या खेपेला त्रिनिदाद जोडू नका. आठ दिवसांतून दोन दिवस विमानतळांवर जातील, आणि त्याहून मोठे कारण म्हणजे त्रिनिदाद पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे, बार्बाडोस नाही. त्रिनिदाद सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लस घेतल्याचा दाखला नसेल, तर विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि साठीनंतर तिचे दुष्परिणाम होण्याचा धोका अधिक असतो, त्यामुळे ती घ्यावी की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनी तपासूनच सांगायला हवे. पुढच्या वर्षी वेस्ट इंडीजचा दौरा असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर फक्त त्रिनिदादसाठी आठ दिवस काढा. त्या वेळी तारखा कळवा, मी तिथल्या मुक्कामाविषयी सविस्तर लिहीन.